तंगुसाचा गुंता
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कोणीतरी चार शब्द बोलावेत, ही आपल्या मंडळाची जुनी पद्धत आहे. आजवर ह्या जागेवरून आहारशास्त्रावर, मुलांच्या अभ्यासावर, संतवाङ्मयावर पुष्कळ चांगली व्याख्याने झाली. यंदा कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी कागदावर लिहून दिले : ‘खाडीवरचे पक्षी व टाकून दिलेली जाळी’. चिटणीसबाईंनी तो कागद दोनदा वाचला. ‘ह्यात आपल्या बायकांचे काय?’ असे त्यांनी तोंडाने विचारले नाही, पण त्यांच्या भुवयांनी विचारले. त्या भुवयांनाच उत्तर द्यायचे असे ठरवून मी आज उभी आहे.

आपण डोंबिवलीच्या बायका रोज गाडीतून खाडी पाहतो. दिवा सुटले, मुंब्रा आले की डाव्या बाजूला डोंगर आणि उजव्या बाजूला पाणी. त्या पाण्यावर काय आहे हे पाहायला दाराशी उभे राहण्याची जागा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी! पण उल्हास नदी कल्याणच्या दुर्गाडीखालून येते, आपल्या रेतीबंदरावरून पुढे जाते, आणि ठाण्याजवळ तिचा एक फाटा ठाणे खाडीला मिळतो. हे सारे पाणी भरती-ओहोटीचे आहे. म्हणजे आपण मध्यमवर्गीय माणसे स्वतःला कितीही शहरातली समजलो, तरी समुद्र दिवसातून दोनदा आपल्या परसदारी येऊन जातो.

आणि त्याच्याबरोबर समुद्राची पाखरे येतात. हिवाळ्यात कुरव येतात. त्यांतले काही लडाख-तिबेटच्या तळ्यांवर अंडी घालून इतक्या लांब आलेले असतात. सुरय येतात. पाणकावळे आणि बगळे तर बारमाही. ठाणे खाडीत रोहित पक्षी येतात, ते तुम्ही वर्तमानपत्रांतल्या चित्रांत पाहिलेच असतील. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१९ साली मोजणी केली, तेव्हा मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत एक लाखाहून अधिक रोहित भरले. सरकारने २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग रोहितांचे अभयारण्य म्हणून जाहीर केला, आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचे नाव गेले. ज्या खाडीचा वास आला म्हणजे आपण नाकाला पदर लावतो, ती ही खाडी!

आता जाळ्याकडे वळते. पूर्वी कोळ्यांची जाळी सुताची नाहीतर तागाची असत. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून, वाळवून त्यांना टिकाऊ करावे लागे, आणि इतके करूनही ती कुजतच. फाटके जाळे पाण्यात राहिले तर काही दिवसांत त्याचा चिखल होई. मग आले नायलॉन. आपल्यापैकी वडील भगिनींना आठवत असेल, हा शब्द आपल्या घरात प्रथम शिरला तो साडीबरोबर. धुतली की वाळली, इस्त्री नको, म्हणून काय कौतुक होते तिचे! अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हा धागा १९३५ साली काढला. १९३८ मध्ये त्याचे दात घासायच्या ब्रशाचे केस झाले, १९४० मध्ये बायकांचे पायमोजे. नंतर तो जाळ्यांत गेला आणि गळाच्या दोरीत गेला. आपल्याकडे त्या एकेरी, पारदर्शक दोऱ्याला तंगूस म्हणतात. तो पाण्यात दिसत नाही, म्हणूनच मासा फसतो. तो कुजत नाही, म्हणूनच कोळ्याला परवडतो. आणि ह्याच दोन गुणांनी तो पाखरांचा काळ झाला आहे. पाण्यात सुटलेला तंगूस शेकडो वर्षे तंगूसच राहतो.

तो पाखरांना कसा गाठतो, हे मी ओहोटीच्या वेळी काठावर उभी राहून पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. आपल्या किनाऱ्याला मोठ्या भरतीला पाणी चार मीटरहून अधिक चढते. चढताना ते काठावरचा सगळा कचरा उचलून तिवरांच्या रानात नेते. तिवराची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येतात, बोटा-बोटाएवढी, हजारोंनी. जणू जमिनीला फण्या उलट्या रोवल्या आहेत. पाणी उतरते, पण दोरा त्या फण्यांत अडकून राहतो, जसा आपल्या फणीत केसांचा गुंता राहतो. मग बगळा, तुतारी, ढोकरी चिखलात टिपायला उतरतात आणि त्यांचे पाय त्या फासांत जातात. जाड दोर तरंगत राहतात. नायलॉनचा धागा पाण्याहून जड असल्याने खाली बसतो. म्हणजे वरचा धोका वेगळा, खालचा वेगळा. पाणकावळा बुडी मारून मासा धरतो, तो खालच्या धोक्यात सापडतो. कुरवाला आपण काठावरून शेव-गाठ्या टाकतो, तो त्याच्या नादाने वरच्या धोक्याशी येतो. शिवाय कावळे, बगळे ही मंडळी घरटे बांधताना चिंध्या-दोऱ्या गोळा करतात. मऊ म्हणून नायलॉनचा दोरा घरट्यात जातो, आणि पिल्लाचा पाय वाढतो तसतसा दोरा त्याला आवळत जातो. आपल्याच अंगणातल्या झाडावर हे घडते, पण पान गळल्याशिवाय दिसत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण ती चुकीच्या बाजूने बोलली जाते. ‘हे सगळे कोळ्यांचे काम, त्यांनीच जाळी टाकली’ असे आपल्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात. माझे माहेर ठाण्याचे. चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या एक मावशी आमच्या घरी मासळी घेऊन येत, त्यांच्या सुनेशी माझी अजून ओळख आहे. त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्या पाटी खाली ठेवून म्हणाल्या, ‘ताई, जाळं काय फुकट येतं? पोरीच्या लग्नाएवढा पैसा त्यात जातो. आम्ही कशाला टाकू?’ आणि मग त्यांनी मला जाळे कसे जाते ते सांगितले. खाडीत पुलाच्या खांबाला अडकते. रात्री बार्ज येतो आणि फाडून नेतो. शहरातून वाहत आलेल्या पिशव्या, कपडे, गाद्या जाळ्यात भरतात, मग ते इतके जड होते की ओढताना तुटते. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातला कचरा त्यांचे जाळे फोडतो, आणि त्या फाटक्या जाळ्यात पाखरू मरते! दुरुस्तीच्या वेळी कापलेले तुकडे बंदरावरच टाकले जातात, हे त्यांनी नाकारले नाही. पण सुटा तंगूस, गळासकट तोडून टाकलेला, तो बहुतेक हौशी लोकांचा असतो. रविवारी पुलावर, घाटावर गळ टाकून बसणारे आपलेच पांढरपेशे भाऊ आणि पुतणे. गळ अडकला की दोरा तोडायचा, नवा बांधायचा आणि घरी जायचे.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातली गोष्ट. कळव्याच्या बाजूला आम्ही चार जणी एका ओळखीच्या घरी गुरुवारचे हळदीकुंकू आटोपून काठाकाठाने निघालो होतो. पाणी उतरले होते. तिवराच्या फांदीला काहीतरी काळे लटकत होते. एकीला वाटले छत्री आहे, आणि तेवढ्यात छत्री हलली. लहान पाणकावळा होता. एक पंख आणि चोच मिळून तंगुसात जखडलेली, आणि तो डोके खाली करून लोंबत होता. काठावरची दोन मुले चप्पल काढून चिखलात उतरायला निघाली, त्यांना आम्ही दंडाला धरून मागे ओढले. भगिनींनो, हे नीट ऐकून ठेवा : खाडीचा चिखल मांडीपर्यंत ओढतो आणि पाणी परत येताना पाठीमागून येते. पाखरासाठी मूल गमावायचे नाही.

मग फोन. एका कचेरीने दुसऱ्या कचेरीचा आकडा दिला, दुसरीने पहिलीचा. ह्यात अर्धा तास गेला आणि पाणी चढायला लागले. पाखराचे डोके पाण्यापासून हात-दीड हात राहिले असेल. आमच्यातल्या वयाने मोठ्या वहिनींनी शेवटी पलीकडे होडी बांधत असलेल्या नाखव्याला हाक मारली. तो आला, पाहिले, आणि दोरा तोडायच्या भानगडीत न पडता कोयत्याने ती बारकी फांदीच कापून पाखरासकट होडीत घेतली. मला हे फार शहाणपणाचे वाटले. दोरा तोडला असता तर पाखरू तुटक्या दोऱ्यासकट उडाले असते आणि पुढच्या झाडाला लटकले असते.

आता पुढचे काम बायकांचे, असे मी म्हणते ते गमतीने नव्हे. लोकरीचा गुंता सोडवलेली बाई जाणते, की ओढले की गाठ बसते. आधी टोक शोधायचे असते. वहिनींनी अंगावरची शाल त्याच्या डोक्यावरून टाकली. अंधार झाला की पाखरू शांत होते. त्याला काही करावे लागत नाही, फक्त झाकायचे. मग एकीने शालीतून पंख अंगाशी दाबून धरले, पण छाती आवळली नाही. पाखरांना आपल्यासारखा पोट व छातीमधला पडदा नसतो. छाती हलली तरच श्वास चालतो. प्रेमाने घट्ट धरलेले पाखरू गुदमरून मरते. माझ्या पिशवीत शिवण उसवण्याची लहान कात्री होती. एकेक फेर कापीत गेले आणि कापलेला प्रत्येक तुकडा रुमालात ठेवीत गेले. चोच मोकळी झाल्यावर तिने माझे बोट फोडले. ते तिचे कामच होते.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण तो नंतर मला एका पशुवैद्यांनी सांगितला आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. चावते म्हणून पाखराची चोच रबराने बांधतात. पाणकावळ्याची चोच कधीही बांधू नये. त्याच्या चोचीवरची नाकपुडी मिटलेली असते. तो तोंडानेच श्वास घेतो. खोल समुद्रातला बूबी नावाचा मोठा पांढरा पक्षी पावसाळ्यातल्या वादळवाऱ्याने कधी कधी आपल्या बाजूला येऊन पडतो, त्याचेही तसेच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेले तेव्हा असे दर्यावरचे पाहुणे मुंबई-ठाण्याकडे जमिनीवर उतरले होते. उलट बगळा आणि ढोकरी ह्यांची चोच भाल्यासारखी असते आणि ती सरळ डोळ्यावर येते. चश्मा असेल तर लावावा, नसेल तर तोंड लांब ठेवावे आणि चोच हलक्या हाताने धरून ठेवावी. गळ रुतला असेल तर मागे ओढू नये, त्याला उलटा काटा असतो. पक्कड असेल तर टोक कापता येते, पण ते वैद्यावर सोडलेले बरे. आणि पाणी पाजू नये! आपल्याकडे कोणीही मूर्च्छित दिसले की तोंडात पाणी घालायची घाई होते. पाखराची श्वासाची वाट जिभेच्या बुडाशीच उघडते. घातलेले पाणी थेट फुफ्फुसात जाते.

रोहितासारख्या लांब पायांच्या पाखराला आणखी एक भय असते. फार वेळ धरून ठेवले, पाय दुमडून खोक्यात कोंबले, तर धडपडीनेच त्याचे स्नायू निकामी होतात आणि जखम नसताना ते उभे राहू शकत नाही. म्हणून त्याला हात लावण्याआधी माहितगाराला विचारावे.

आमचा पाणकावळा पुठ्ठ्याच्या खोक्यातून, वर पाच-सहा भोके पाडून, वैद्याकडे गेला. आठ दिवस राहिला आणि सुटला. सोडताना मी नव्हते. ज्यांनी सोडला त्यांनी सांगितले की आधी बराच वेळ तो पंख पसरून दगडावर बसला, मग गेला.

दुसरी गोष्ट अशी गोड नाही. त्याच हिवाळ्यात रेतीबंदराजवळ मुलांनी एक समुद्री बगळा पकडला. पायाला दोरा होता, तो त्यांनी कापला आणि टाळ्या वाजवून लगेच सोडून दिला. मुलांचे मन चांगले होते, त्यांना मी एक अक्षरही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो बगळा तिथेच चिखलात मेलेला मिळाला. पायावर दोऱ्याचा वळ होता आणि वळाच्या खालचा भाग काळा पडला होता. दोरा आवळलेला असताना रक्त अडते. दोरा काढल्यावर वरून सगळे ठीक दिसते, पण आतली इजा दोन-तीन दिवसांनी बाहेर पडते. म्हणून सोडवलेले पाखरू उडू शकते म्हणून उडवू नये. वैद्याने पाहिल्यावरच सोडावे.

कोणाला कळवायचे? वन खात्याचा मदतीचा आकडा १९२६ आहे. ठाणे-कल्याण भागात जखमी वन्य जीव सोडवणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थाही आहेत, आणि परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जिवांसाठी उघडे आहे. घरी मात्र ठेवून घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही, आणि पाणकावळा काही पोपटासारखा डाळिंब खात नाही.

माझे हे सगळे ऐकून गेल्या महिन्याच्या सभेत एका भगिनीने विचारले, ‘माणसांचे हाल काय कमी आहेत, म्हणून पाखरांमागे लागायचे?’ प्रश्न मला आवडला. राग येण्यासारखा तो नाही. आपल्या मंडळाने शिवणवर्ग चालवला, फी भरायला मदत केली, रुग्णांसाठी डबे नेले. ते सोडून पाखरांकडे चला असे मी म्हणत नाही. पण ज्या तंगुसात पाखरू फसते, त्यातच खेकडे धरणाऱ्या बाईचा पाय फसतो, त्यातच होडीचे यंत्र अडकते, त्यातच वाहून आलेला कचरा साचून नाल्याचे तोंड बुजते, आणि मग २६ जुलै २००५ ला पाणी कोणाच्या घरात शिरले होते ते इथल्या प्रत्येकीला आठवते. पाण्यातला गुंता पाखराचा वेगळा आणि माणसाचा वेगळा असा नसतो. आणि एवढे सगळे बाजूला ठेवले, तरी डोक्याखाली पाणी चढत असलेला तो जीव पाहून पुढे चालू लागणे आम्हा चौघींना जमले नसते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्याला युक्तिवाद लागत नाही.

इतरत्र काय चालले आहे तेही थोडे सांगते. केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरात २०१७ पासून कोळी मासळीबरोबर जाळ्यात आलेला प्लास्टिकचा कचराही परत समुद्रात न टाकता बंदरावर आणू लागले. तो निवडायचे, धुवायचे काम तिथल्या बायकांना मिळाले आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने ठरवले की संरक्षित समुद्री प्राणी सोडवण्यासाठी कोळ्याने स्वतःचे जाळे कापले तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. कासवे, डॉल्फिन, व्हेल शार्क ह्यांना त्याने जीवदान मिळाले. मला ह्या योजनेतले एक फार पटते : दया कर म्हणून नुसता उपदेश केला नाही, तर दयेमुळे ज्याचे नुकसान होते त्याच्या हातात काहीतरी ठेवले. डहाणूला, म्हणजे २०१४ पर्यंत जो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता तिथे, जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. त्यांतल्या काहींचे पाय अशाच बेवारशी जाळ्यांनी कापलेले असतात.

आता आपले. कार्यकारिणीने गेल्या सभेत तीन गोष्टी मान्य केल्या आहेत, त्या सर्वांना कळाव्यात म्हणून सांगते. पहिली, रेतीबंदरावर आणि जिथे हौशी लोक गळ टाकतात तिथे जाड तोंडाची डबकी बांधायची. तुटका तंगूस आणि गळ त्यात टाकावा. डबकी आठवड्यातून एकदा आपण रिकामी करायची, आणि दोरा लहान तुकडे करूनच कचऱ्यात द्यायचा. लांब दोरा कचरापेटीतून पुन्हा कावळ्याच्या घरट्यात जातो. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकची वाटी न देता, येणाऱ्या प्रत्येकीने आपल्या गच्चीवरचा, झाडावरचा मांजा गुंडाळून आणायचा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि उडतो, हे आपल्या गच्च्यांना ठाऊक आहे. ज्यांचा गुंडा सगळ्यांत मोठा त्यांना तिळगूळ दोन. काटकसर समितीने ह्याला हरकत घेतलेली नाही!

तिसरी गोष्ट पेटीची. पुठ्ठ्याचे भोके पाडलेले खोके, जुने सुती पंचे दोन, बोथट टोकाची कात्री, एक लहान पक्कड, जाड हातमोजे आणि फोनच्या आकड्यांचा कागद, एवढे त्यात आहे. चोचीची काळजी कोणत्या पाखराची कशी घ्यायची ते मी त्याच कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिले आहे, चश्मा विसरलेल्यांनाही वाचता येईल असे. पेटी शिवणवर्गाच्या कपाटावर ठेवली आहे. कपाटाला कुलूप असते, पण वरच्या फळीला नसते, तेव्हा किल्लीसाठी चिटणीसबाईंना रात्री उठवू नये. हातमोजे कोणी भांडी घासायला नेले तर परत आणून ठेवावेत.